शेवट वैजयंतीकडे

गाडीच्या मागच्या सीटवर दाराजवळची तेवढीच जागा चुरगळलेली.

ईलिंग रोडवरचा भाजीवाला म्हणतो, नारळ हलवून बघा, फोडून नाही.

"वाचाच तुम्ही!" असं म्हणताना डोळे जरा मोठे करायचे असतात. मग कोणी पुढचं विचारत नाही.

जिन्याच्या कठड्याचे गज दंडावर उमटले तर वळ अगदी समांतर उठतात.

शाळेतली मिस हॉलंड: "शी इज एव्हर सो कन्सिडरेट."

न उघडलेल्या पुस्तकाला डिंकाचा वास येतो.

*

पुस्तकभिशी ही कल्पना लीलावतीबाईंची. पैशांची भिशी असते तशीच ही, फक्त पैशांऐवजी पुस्तक फिरायचं. लीलावतीबाई साठच्या दशकात लंडनच्या वेम्बलीत आलेल्या, हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झालेल्या. नियमही त्यांचेच. एक पुस्तक, चार वाचक. ते महिनाभर घरी ठेवायचं, मग बैठकीत सगळ्यांसमोर त्याची शिफारस करायची आणि पुढच्याच्या हातात द्यायचं. शिफारस करणाऱ्यानं गोष्ट थोडी पुढे न्यायची, पण शेवट सांगायचा नाही. "ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटलं पाहिजे. त्याचं ताट आपण जेवायचं नाही," असं त्या म्हणत. शेवट सांगायचा मान फेरीतल्या शेवटच्या वाचकाचा.

दोन हजार सहाच्या त्या फेरीत शेवटचा नंबर वैजयंतीचा होता.

वैजयंती एका हॉस्पिटलच्या फार्मसीत होती. दुसऱ्यानं तपासलेलं लेबल स्वतः तपासल्याशिवाय ती बाटली हातावेगळी करत नसे. त्या उन्हाळ्यात तिनं आणि मिलिंदनं एजवेअरला घर घेतलं. शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत, मागे चिंचोळी बाग. दारातून आत आलं की समोर जिना आणि डावीकडे बसायची खोली. खोलीचं दार उघडं असलं की सोफ्यावरून खालच्या पायऱ्या दिसत. त्यातल्या एका पायरीवर त्यांची सात वर्षांची, मोडकंतोडकं मराठी बोलणारी मुलगी तनू आपली रंगीत पेन्सिलींची पेटी घेऊन बसलेली असे.

गणपतीनंतरची बैठक या नव्या घरी झाली, आणि त्या फेरीतल्या पुढच्याही इथेच. मिलिंद नेहमीप्रमाणे पुस्तकाचं नाव निघताच गॅरेजमध्ये गेला. लीलावतीबाईंना वर टॉयलेटला जाऊन यायला बराच वेळ लागला. गुडघ्यांमुळे त्या मध्येच जिन्यावर टेकल्या होत्या. मग सोफ्यावर बसून त्यांनी तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली एक जाड कादंबरी पिशवीतून काढली.

लीलावतीबाईंची शिफारस

"आमच्या ह्यांनी पुण्याहून आणलेलं हे. वेगळंच आहे. यात एक लहान मुलगी आहे. कुठेही बसली की जरा सरकून बसते, शेजारी जागा ठेवून. कोणासाठी, ते लेखक काही सांगत नाही. वाचाच तुम्ही, जयंतराव."

जयंतरावांची शिफारस

जयंतराव केंटनला राहत. रेल्वेत सिग्नलचं काम केलेले, बोलायचे तेही हिरव्या दिव्याची वाट पाहत असल्यासारखे, थांबून थांबून.

"दोन बैठकींत संपवलं मी. काय वातावरण उभं केलंय! घरच्यांना आधी वाटतं, खेळ आहे. आई रागावते, नीट बस म्हणते. ती बसते नीट. आईची पाठ वळली, की पुन्हा सरकते. आणि मग एकदा आई त्या रिकाम्या जागेवर सहज हात ठेवते." ते थांबले. "जागा गरम असते."

"ई! काका, काटा आला," पुढचा नंबर असलेली ऋजुता म्हणाली. तिनं खरंच बाही वर करून हात दाखवला.

*

तनूचं सरकणं वैजयंतीला पहिल्यांदा दिसलं ते यानंतर. गाडीत ती दाराला चिकटून बसली होती. सगळी सीट मोकळी आणि पोरगी एका कडेला.

"नीट बस गं."

तनू नीट बसली. पुढच्या सिग्नलला वैजयंतीनं आरशात पाहिलं. तनू पुन्हा दाराशी.

वैजयंतीला हसू आलं. मुलं ऐकतात आणि खेळतात. मोठी माणसं दार उघडं टाकून गोष्टी सांगतात, त्यांचीच चूक.

मग पेरेंट्स इव्हनिंग आली. मिस हॉलंडनं तनूचं कौतुक केलं. कार्पेटवर सगळी मुलं दाटीवाटीनं बसतात, पण तनू नेहमी शेजारी जागा ठेवते. इतकी समजूतदार मुलगी.

"हे कधीपासून?" वैजयंतीनं विचारलं.

"अगदी टर्मच्या पहिल्या दिवसापासून."

टर्म सुरू झाली तेव्हा गणपती उठायचे होते. बैठक त्यानंतर झाली. घरी येताना वैजयंतीनं ही तारखांची जुळणी पुन्हा पुन्हा करून पाहिली. चूक सापडली नाही.

ऋजुताची शिफारस

ऋजुता कॉलिंडेलच्या फ्लॅटमध्ये राहायची, सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची आणि कुठल्याही गोष्टीची टिंगल करायची.

"अगं हातातून सुटत नाही! आता ते जे कोण शेजारी बसतंय ना, ते जाड होत चाललंय." सगळे हसले. "हसू नका. त्याला रोज थोडी जास्त जागा लागते. पोरगी आपली सरकतेय, सरकतेय. पण एकीकडे कठडा आहे. किती सरकणार? बास. पुढचं नाही सांगत. वैजू, घे. शेवट तुझ्याकडे. लकी यू!"

पुस्तक हातात घेताना वैजयंतीला वाटलं, कठडा कुठून आला? आतापर्यंत कोणी जिन्याचं नाव काढलं नव्हतं.

*

नोव्हेंबरच्या शेवटी अंघोळीच्या वेळी तिला तनूच्या दंडावरचे वळ दिसले. जांभळे, समांतर. बरगडीवरही तसेच.

"कोणी मारलं?"

"नो वन. मी बसला होता."

जीपी डॉक्टरनं वळ पाहिले. मग त्यानं वैजयंतीकडे गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ पाहिलं आणि कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं. मुलं धडपडतात, म्हणाला.

त्या दुपारी तनू शाळेत असताना वैजयंतीनं जिन्याच्या त्या पायरीवर हात ठेवला. कठड्याच्या बाजूला पायरी थंड होती. भिंतीच्या बाजूला, पार मधल्या भागापर्यंत, कोमट.

"खालून हीटिंगचा पाइप जात असेल," मिलिंद म्हणाला.

तिनं हीटिंग बंद केलं. घर गारठलं. स्वयंपाकघरात खोबरेल तेल गोठलं. तिनं पुन्हा हात ठेवला, आणि झटकन काढून घेतला.

मिलिंदला तिनं काही सांगितलं नाही. वर जाऊन ते पुस्तक शोधलं. महिनाभर ते कपाटावर तसंच पडलं होतं, उघडायला सवड झाली नव्हती. आता मात्र तिला शेवट हवा होता. त्या मुलीचं काय होतं, एवढंच.

पुस्तक उघडेना. पानांच्या घड्या छापखान्यातून आल्या तशाच जोडलेल्या होत्या. एकही कापलेली नव्हती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत हे पुस्तक कोणीही, कधीही वाचलेलं नव्हतं.

तिनं सुरीनं पानं कापली आणि रविवारभर बसून सगळं वाचलं. कोल्हापूरकडच्या एका शिक्षकाची बदली, त्याच्या बहिणीचं लग्न, जमिनीवरून भाऊबंदकी. लहान मुलगी नव्हती. जिना नव्हता. सरकून कोणीच बसत नव्हतं.

*

"ऋजुता, खरं सांग. तू वाचलंस?"

"ऑफ कोर्स वाचलं."

"पानं कापलेली नव्हती."

 फोनवर खदखदून हसू. "बाई गं, पकडलंस! अगं माझं रिलीज चाललं होतं, मरायला वेळ नव्हता. काकांनी सांगितलं त्याच्या पुढे दोन पुड्या सोडल्या. आता तुमच्यासारख्या वाचणाऱ्या लोकांत कसं सांगू, की मला हल्ली मराठीचं एक पान वाचायला अर्धा तास लागतो? आणि थांब, म्हणजे काकांनी पण... दोन बैठकींत संपवलं म्हणे!"

"ते जास्त जागा लागण्याचं तुला कुठून सुचलं?"

"सुचलं." हसू ओसरलं होतं. "म्हणजे, बोलायला लागले आणि तोंडात आलं. मी असला विचार केला नव्हता. का गं? काय झालं?"

"काही नाही."

लीलावतीबाईंना फोन लावला तर त्या आधी तब्येतीचं बोलल्या. मग म्हणाल्या, "ह्यांच्या मागे मला ते उघडायचा धीरच झाला नाही बघ. पण शिफारस तर करायची होती. म्हणून तुझ्या तनूचंच सांगितलं."

"तनूचं?"

"अगं, मी जिन्यावर टेकले ना त्या दिवशी. तर म्हणते कशी, आजी, तू इथे नको बसू, हा जागा रिकामा नाहीये. मला इतकं गोड वाटलं. म्हटलं, एखाद्या कादंबरीत शोभेल." त्या हसल्या. "रागावलीस का?"

*

शाळा सुटल्यावर वैजयंतीनं तनूला मांडीवर घेतलं. मांडीवरसुद्धा ती एका बाजूला झुकली होती.

"तिथे कोण बसतं गं?"

"डोन्ट नो. तो माझ्याकडे बघत नाही."

"मग कुठे बघतो?"

तनूनं बसायच्या खोलीच्या दाराकडे बोट दाखवलं. "तुम्ही बुक सांगता ना. तो ऐकतो. मग मोठा होते."

रात्री तिनं मिलिंदला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, बैठक कॅन्सल कर. सरळ आहे.

"आणि गोष्ट ऋजुतानं सोडली तिथेच सोडू?" वैजयंती म्हणाली. "तिला सरकायला जागा उरली नाही, तिथे?"

मिलिंदनं तिच्याकडे पाहिलं. तिची चेष्टा करायची त्याची पद्धत होती. आज त्यानं केली नाही.

*

डिसेंबरची बैठक शनिवारी होती. चार वाजताच बाहेर अंधारलं होतं. ऋजुतानं नाताळचे गोड मिन्स पाय आणले होते, जयंतरावांनी चकल्या. चहा झाला. वैजयंतीनं खोलीचं दार मुद्दाम सताड उघडं ठेवलं. जिन्यावर तनू बसली होती. एक खांदा दोन गजांच्या मध्ये रुतलेला, मान वाकडी, पेन्सिली पायाशी.

"हं, वैजयंती," लीलावतीबाई म्हणाल्या. "सांग शेवट."

ऋजुतानं डोळा मारला. जयंतराव छताकडे पाहत राहिले.

वैजयंती उभी राहिली. पुस्तक तिनं हातात घेतलं नव्हतं.

"शेवटी आई येते," ती म्हणाली.

बाहेरून एक बस गेली.

"ती कोणाला हाकलत नाही. ओरडत नाही. मुलीला म्हणते, ऊठ, तू आता मोकळी बस. आणि मुलीची जागा ती स्वतः घेते."

"कडेची?" जयंतरावांनी विचारलं.

"कडेची."

"एकदाच?"

वैजयंतीचं लक्ष दाराबाहेर होतं. तिनं हे सगळं आधी मनात जुळवलं होतं, पण या प्रश्नाचं उत्तर जुळवलं नव्हतं. ते तोंडात आलं.

"कायमची."

"आणि ते?" ऋजुतानं हळूच विचारलं. "ते ऐकतं तिचं?"

"ऐकतं," वैजयंती म्हणाली. "संपलं."

 लीलावतीबाईंनी टाळ्या वाजवल्या. "सुंदर. फार सुंदर शेवट. माझ्या लक्षातच राहिला नव्हता बाई."

जिन्यावर काहीतरी गडगडलं. पेन्सिली खाली आल्या होत्या. तनू उठून उभी होती, दंड चोळत. तिनं एकदा शेजारी पाहिलं, एकदा खोलीकडे. मग ती पुन्हा बसली.

मधोमध बसली. पाय फाकवून, दोन्ही कोपरं मागच्या पायरीवर टेकून, ऐसपैस.

वैजयंतीला हुंदका आला तो तिनं खोकल्यात घातला.  ती सोफ्यावर बसली.

तनू गाणं गुणगुणत होती.

जयंतरावांनी पुढच्या फेरीसाठी एका पुस्तकाची शिफारस सुरू केली. वाचलंच पाहिजे असं आहे, म्हणाले. लीलावतीबाईंनी मान डोलावली.

ऋजुता दोन बश्या घेऊन वैजयंतीकडे आली. "काय थाप मारलीस गं! माझ्यापेक्षा भारी. सरक जरा."

वैजयंती हलली नाही.

"वैजू, सरक ना."

सोफा तिघांचा होता. वैजयंती त्याच्या पार टोकाला होती. सोफ्याचा लाकडी हात तिच्या बरगडीत रुतला होता.

"अगं कुठे सरकू?" ती म्हणाली.

ऋजुतानं रिकाम्या सोफ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग दोन्ही बश्या घेऊन ती खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली.

जूनमध्ये घराचा ताबा मिळाला तेव्हा जिन्यावर जुना हिरवा गालिचा होता. तो सगळा चांगला होता, फक्त एका पायरीवर कठड्याच्या कडेला पार दोऱ्यापर्यंत झिजलेला. मिलिंदनं पहिल्याच आठवड्यात तो काढून टाकला.