एकतीस नावांचा कागद

“तिसरा! आज तिसरा!” तास्यो धापा टाकत नारळाखाली येऊन आदळला. “इस्को शिंप्याच्या हाताला पट्टी! तीही डाव्याच!”

“काय झालं म्हणाला?” बियांगने विचारलं.

“इस्त्रीचा चटका!”

“आणि आमचे बाबा म्हणतात, बांबूची चीर लागली,” सेपा म्हणाली. तिचे बाबा म्हणजे गावचे हुस्तो मास्तर.

“माझे बाबा तर म्हणतात, मांजराने ओरबाडलं!” तास्यो म्हणाला. “आमच्याकडे मांजर आहे कुठे?”

तिघं एकमेकांकडे बघत राहिली.

सन १८९६. ऑगस्ट महिना. वादळाने बियांगच्या शाळेचं छप्पर उचलून शेजारच्या तळ्यात नेऊन टाकलं होतं, म्हणून ती स्पेनच्या ताब्यातल्या फिलिपिन्समध्ये, काविते प्रांतातल्या सांता इनेस गावी तिबूर्स्यो काकांकडे सुट्टीला आली होती. तास्यो हा काकांचा मुलगा, वय वर्षे अकरा, पोटात गोष्ट न राहणारा. सेपा शेजारची, तेरा वर्षांची, सगळ्यांत शहाणी. निदान तिचं स्वतःचं तरी तसं मत होतं.

“तीन माणसं, एकच हात, एकच जागा,” बियांग म्हणाली, “आणि कारणं तीन! आणखी एक सांगू? काकांना गाण्याबजावण्याचा तिटकारा. मग दर रविवारी दुपारी घरात नाच कशाला?”

“बायका नुसत्या एकमेकींबरोबरच नाचतात,” सेपा हळूच म्हणाली. “पुरुष सगळे मागच्या खोलीत. पत्ते खेळायला म्हणे!”

“आज रविवारच आहे!” तास्यो उठलाच.

तिबूर्स्यो काकांचं घर बांबूच्या उंच खांबांवर उभं होतं. खाली कोंबड्या, मोडकी होडी आणि एक भलीमोठी डुकरीण. तिचा तोरा पाहून तास्योने तिचं नाव ‘राणीसाहेब’ ठेवलं होतं. तिघं सरपटत मागच्या खोलीखाली पोचली. जमिनीच्या बांबूपट्ट्यांमधून वरचं सगळं दिसत होतं, म्हणजे मुख्यतः पायाचे तळवे.

समोरच्या खोलीत व्हायोलिन कोकलत होतं. मागे मात्र हुस्तो मास्तरांचा आवाज अगदी गंभीर होता.

“चोवीस वर्षांपूर्वी सरकारने आपल्या तीन पाद्र्यांचा भर मैदानात गळा आवळला. आपण गप्प बसलो. मग आपली शिकलेली मुलं स्पेनला गेली, तिथे वर्तमानपत्र काढलं, कायदा सगळ्यांना सारखा असावा एवढंच मागितलं. ते वर्तमानपत्र इथे घरात सापडलं तरी अटक! आपण अर्ज केला. पाया पडून केला. सह्या करणारे नऊ जण आज दूरच्या बेटावर हद्दपार आहेत. आता सांगा, कुठल्या शाईने लिहायचं?”

एका तरुण कोळ्याने बाही वर सारली. सुरीचं टोक चमकलं. रक्तात टाक बुडवून त्याने कागदावर सही केली.

“अगंबाई!” बियांगने स्वतःचंच तोंड दाबलं. हातांवरच्या पट्ट्यांचा उलगडा झाला होता! “हे लढणार आहेत!”

“बाबासुद्धा?” तास्योचा चेहरा उतरला.

तेवढ्यात सेपाने त्याचा दंड घट्ट धरला. रस्त्यावरून बूट येत होते. चार शिपायांचे आणि एका सार्जंटचे! फाटकावर पहाऱ्याला शेजारचे कुलास काका होते. पण ते झुंजीच्या कोंबड्याला मांडीवर घेऊन त्याचं पीस न् पीस निरखत बसले होते. शिपाई त्यांच्या नाकासमोर आले तरी त्यांचं लक्ष नव्हतं!

“हाक मारू?” तास्यो कुजबुजला.

“शिपायांनाच ऐकू जाईल!” बियांगने काटकी उचलली आणि फटीतून वरच्या तिबूर्स्यो काकांच्या तळव्यात खुपसली.

“आई गं! उंदीर!” काकांनी धाडकन पाय आपटला.

“उंदीर नाही, मी! काका, शिपाई आलेत!”

वर एकच धांदल उडाली. माणसं मागच्या शिडीने केळीच्या बागेत पसार झाली. काका आणि मास्तर पत्ते घेऊन बसले, आणि त्या गडबडीत काकांच्या सदऱ्यातून एक कागद निसटला. फटीतून तरंगत थेट सेपाच्या मांडीत पडला.

एकतीस नावं. तपकिरी अक्षरांत. सेपाच्या बाबांचं पहिलंच.

“हा मिळाला तर सगळ्यांना गोळ्या घालतील,” सेपा कुजबुजली.

वर कपाटं उघडल्याचे, मडकी फुटल्याचे आवाज येऊ लागले. अंगणातल्या चुलीपाशी तास्योच्या आईने, पेत्रा काकूने, सुमानची टोपली ठेवली होती. सुमान म्हणजे केळीच्या पानात गुंडाळून शिजवलेल्या गोड भाताच्या वळकट्या. बियांगने टोपलीकडे पाहिलं, मग कागदाकडे.

“सेपा, एक सोड! भात तास्योला दे!”

तास्योने तशाही प्रसंगी तो दोन घासांत संपवला. कागदाची सुरळी पानात बसली, वर दोरा बांधला, आणि सार्जंट शिडी उतरला तेव्हा तिघं टोपलीभोवती निष्पाप चेहऱ्याने बसली होती.

वर काहीच सापडलं नव्हतं. सार्जंट वैतागला होता, भुकेलाही होता. त्याने एक सुमान खाल्लं. दुसरं खाल्लं. तिसऱ्याला हात घातला, आणि तो थबकला.

“हे हलकं कसं?”

“ते नको साहेब!” बियांग म्हणाली. “कालचं आहे, आंबलंय. राणीसाहेबांसाठी ठेवलंय.”

“कोण राणीसाहेब?” सार्जंट गरजला. स्पेनच्या राणीचा अपमान!

बियांगने घाबरत खांबाकडे बोट दाखवलं. डुकरिणीने नेमकं तेव्हाच हुंकारून उत्तर दिलं. एक शिपाई फिस्सकन हसला. सार्जंट लालबुंद झाला, त्याने ती सुरळी डुकरिणीच्या अंगावर भिरकावली आणि ताडताड निघून गेला.

फाटक वाजताच तास्योने झेप घेतली! “सोड! राणीसाहेब, सोड!” चिखल, चीत्कार, लाथा! शेवटी तो कागद उंच धरून उठला. एक कोपरा गायब होता.

काका धावत खाली आले. कागद घेऊन घाईघाईने नावं मोजू लागले.

“तुमचंच नाव खाल्लं तिने, बाबा,” तास्यो म्हणाला.

हुस्तो मास्तरांनी तिघांच्या चिखलाने भरलेल्या डोक्यांवर हात ठेवला. “आम्ही मोठे शपथा घेत बसलो, आणि पहारा तुम्ही केलात. एकतीस घरं वाचवलीत पोरांनो!”

“पण बाबा, आम्हाला का नाही सांगितलं?” सेपाने विचारलं.

“जे माहीत नाही ते मारूनही काढून घेता येत नाही, म्हणून.”

मंगळवारी सकाळी मनिलाहून बातमी आली. रक्ताने सह्या करणाऱ्यांची गुप्त संघटना उघडकीला आली होती, धरपकड सुरू होती. आता थांबण्यात अर्थ नव्हता. भर दुपारी सगळे काकांच्या अंगणात जमले. कोयते होते, टोकदार बांबू होते, बंदूक मात्र एकच. प्रत्येकाने खिशातून कर भरल्याची सरकारी पावती काढली. ती जवळ नसली की कोठडी ठरलेली. काकांनी आपली पावती टरकन फाडली. मग सगळ्यांनी. तुकडे अंगणभर उडाले. तास्यो सवयीने ते वेचायला वाकला.

“राहू दे रे,” काका म्हणाले. “आता नाही लागायचे.” त्यांनी त्याला एकदा छातीशी धरलं आणि ते चालू लागले.

उसापलीकडे शेवटची टोपी दिसेनाशी होईपर्यंत कुणी हललं नाही. मग पेत्रा काकूने डोळे पुसले, चुलीमागच्या मातीखालून एक पत्र्याचा डबा काढला आणि बियांगच्या हातात ठेवला. आत संघटनेचे कागदच कागद!

“काकू, तुम्हीपण?”

“मग तुला काय वाटलं, मला नाचायची हौस आहे?” काकू म्हणाली. “आता हा डबा पुरायचा. कुठे, ते आपल्या चौघांतच. मला तुमच्यापेक्षा भरवशाचं या गावात कुणी दिसत नाही.”

“बाबांनाही नाही सांगायचं?” तास्योने विचारलं.

काकूने त्याच्या हातात कुदळ दिली.

“ते परत आले ना, की तूच सांग.”