पहिली दोरी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या काकांच्या घरात घडलेलं आहे. काकूसमोर हा विषय आजही कुणी काढत नाही.

काका बोटींच्या मोटरी दुरुस्त करतात. घरामागे, पाण्याला लागून, त्यांची पत्र्याची शेड आहे. ती संध्याकाळ धुक्याची होती. दिवे लागायला अजून वेळ होता, पण शेडच्या दारातून समोरचा धक्काही दिसत नव्हता.

शेडमध्ये पाण्याच्या पिंपावर एक जुनी मोटर अडकवलेली होती. काकूच्या पहिल्या नवऱ्याची.

तो वारला आणि काही वर्षांनी काकूने काकांशी लग्न केलं. लोक मात्र अजून त्याला वस्तादच म्हणायचे. "वस्तादचा हात लागला की मोटर बोलायला लागायची हो!" असं कुणी म्हटलं, की काकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जिवंत माणसाशी भांडता तरी येतं.

काकू ती मोटर रोज फडक्याने पुसायची. काकांच्या स्कूटरवर बोटभर धूळ.

शेवटी काकांनी ठरवलं. मोटर दुरुस्त करायची आणि लांबच्या कुणाला तरी देऊन टाकायची. ही ब्याद घरातून गेली की बायको आपली.

दुखणं साधं होतं. हेडखालचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं, गॅस्केट जळलं होतं, सिलिंडरमध्ये पाणी शिरत होतं. काकांनी प्लग काढला, हेड उघडलं, जुनं गॅस्केट खरवडून काढलं, नवं बसवलं. मग बोल्ट. आधी मधले, मग समोरासमोरचे. पहिला फेरा हलक्या ताणाचा. तेवढा ताण आला की काकांचा पाना आवाज करतो.

टक्... टक्... टक्.

फेरा संपला. पाना बाकावर ठेवून काका हात पुसायला वळले.

टक्.

काका थबकले. पाना बाकावरच होता.

पत्रा वाजला असेल, असं मनाशी म्हणत त्यांनी पान्याचा ताण वाढवला आणि दुसरा फेरा सुरू केला. पहिला बोल्ट हललाच नाही.

दुसरा... नाही.

तिसरा... नाही.

सगळे बोल्ट आधीच पुरते आवळलेले होते.

काकांना घाम फुटला. पण भीतीच्या आधी राग आला. "माझ्या कामात नाक खुपसतोस?" ते रिकाम्या शेडमध्ये ओरडले.

मोटरच्या हेडवर... ठक् ठक्.

तेवढ्यात घराचं दार उघडलं. काकू धावत आली. हात ओले, आणि चेहरा असा उजळलेला, की काकांनी तो तसा कधी पाहिलाच नव्हता.

"झाली?"

"तुला कुणी बोलावलं?"

"अहो, तुम्हीच हेडवर दोनदा ठोकलंत ना? काम झालं की ते असंच ठोकायचे. मग पहिली दोरी मी ओढायची."

एवढ्या वर्षांच्या संसारात हे काकांना कधी कळलंच नव्हतं. प्लग अजून बाकावरच पडला होता. तो त्यांनी हळूच उचलून खिशात टाकला. प्लग नाही तर ठिणगी नाही, ठिणगी नाही तर मोटर नाही. ओढू दे किती ओढायची ती. दमेल, हिरमुसेल आणि विसरेल एकदाची त्याला.

"ओढ," ते म्हणाले.

काकूने दोरी ओढली.

मोटर पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

पिंपातलं पाणी उसळलं. शेडभर धूर झाला. काकू लहान मुलीसारखी हसत होती.

काकांनी खिशात हात घातला...

प्लग खिशातच होता. बोटांना चटका बसेल इतका तापलेला.

काकूला त्यांनी काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? तू हसू नयेस म्हणून मी प्लग लपवला?

मध्यंतरी त्यांनी एकदा करून पाहिलं. शेडमध्ये गेले आणि स्वतःच हेडवर दोनदा ठोकलं. घरातून भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. त्यांनी पुन्हा ठोकलं, जोरात.

काकू आली नाही.

"अगं, ऐकू येत नाही का?" त्यांनी हाक मारली.

"काय हो? मला तर काहीच ऐकू आलं नाही!"

काका बाकावर बसले. दोन्ही हात मांडीवर होते.

ठक् ठक्.

भांड्यांचा आवाज थांबला. मग काकूची पावलं... धावत, शेडकडे.

ती काकांच्या शेजारून पुढे गेली आणि मोटरची दोरी हातात धरून उभी राहिली. काकांकडे तिने पाहिलंही नाही.

"काका, देऊन टाका ती मोटर," त्यांनी हे सगळं सांगितलं तेव्हा मी म्हणालो.

काकांनी खिसा चाचपला.

"आणि तिच्या मागोमाग ही पण गेली तर?"