सातव्या फेरीतली खरी चूक

"खिशात जे काही असेल ते या ट्रेमध्ये ठेवा," ती म्हणाली, आणि त्याने ठेवले. पेनड्राइव्ह, मोबाइल, किल्ल्या, सर्दीच्या गोळ्या... आणि शेवटी, कसलाही विचार न करता, चष्मासुद्धा.

"चष्मा असू द्या. त्यातून व्हायरस येत नाहीत."

त्याने चष्मा पुन्हा चढवला आणि तिला प्रथमच नीट पाहिले. तिथेच घात झाला; कारण त्यानंतर त्याला दुसरे काही नीट दिसेनासे झाले.

जुन्या नकाशांच्या त्या संग्रहालयात ती दप्तर सांभाळत असे. तो प्रोग्रामर, बोलणे इतके कमी की मित्रांनी त्याला 'मुनी' करून टाकले होते. नकाशे शोधून देणारा, पीएचपी या संगणकीय भाषेतला प्रोग्रॅम तिच्या टेबलावरच्या संगणकावर बसवायचा, एवढेच त्याचे काम. अडचण एकच होती. साहेबांच्या हुकुमावरून त्या संगणकाला इंटरनेट नव्हते. लॅपटॉप दाराशी जमा करायचा, आणि आत काही न्यायचे ते पेनड्राइव्हवर, तिने तपासून दिल्यावरच.

प्रोग्रॅमला इतरांनी लिहिलेले तयार तुकडे, म्हणजे लायब्रऱ्या, लागत होत्या. इंटरनेट असते तर 'कंपोजर' नावाच्या साधनाने त्या चुटकीसरशी गोळा केल्या असत्या. इथे मुनीने पहिल्या दिवशी एक आणली. त्या लायब्ररीला दुसरी हवी होती. दुसरी आणली, तर तिचे तिसरीवाचून अडले. एखाद्या पाहुण्याने मामेभावाशिवाय, आणि मामेभावाने मेहुण्याशिवाय उंबरठा ओलांडायला नकार द्यावा, तशी गत!

"आज कोण रुसलंय?" ट्रे सरकवत ती विचारी.

"तारखा वाचणारी. तिला... सोबतीण हवी आहे."

"बरंय तिचं. हवं ते सांगता तरी येतं."

मग पेनड्राइव्हची तपासणी चाले, आणि मुनी तिच्या कानामागे खोचलेल्या पेन्सिलीकडे पाहत बसे. तिने मान वळवली की त्याला छताचा पंखा अतिशय प्रेक्षणीय वाटू लागे.

खरे तर हा सारा गोतावळा घरच्या संगणकावर जमवून एकाच फोल्डरमधून आणता येतो, हे त्याला पहिल्याच दिवशी ठाऊक होते. ताईने तर घरी फटकारलेच, "सहा जिन्नस आणायला सहा खेपा? अक्कल कुठं गहाण टाकलीस रे?"

सहाव्या दिवशी साहेब कडाडले, "उद्या चाललं नाही, तर मी दुसरा माणूस बोलावतो!"

इकडे आड, तिकडे विहीर. प्रोग्रॅम चालला तर येण्याचे कारण संपणार; न चालला तर येण्याची परवानगी. अखेर त्याने सगळ्या लायब्रऱ्या प्रामाणिकपणे गोळा केल्या आणि सातव्या दिवशी जड मनाने पेनड्राइव्ह तिच्या हाती दिला. प्रोग्रॅम चालला की बोलायचे... आजच बोलायचे.

प्रोग्रॅम चालला नाही.

पडद्यावर सूचना उमटली होती: पीएचपीची ८.२ आवृत्ती हवी, इथे ७.४ आहे. कंपोजरने घरच्या संगणकाच्या मापाने कपडे शिवले होते. इथल्या जुन्या संगणकाच्या अंगात ते शिरेनात. शिकाऊ माणूसही आधी माप घेतो!

"तासाभराची मुदत," दारातून साहेब गुरगुरले आणि निघून गेले.

"छान जमवलंत," ती हसू दाबत म्हणाली. "आठवी फेरी पक्की."

मुनीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "हे मी मुद्दाम केलेलं नाही."

"नसेल हं."

"खरंच नाही! इतकी ढोबळ चूक मी मुद्दाम करेन? मुद्दाम केलं ते आधीचं. रोज बरोबर एकच लायब्ररी कमी पडेल, असं आखलं होतं. त्यात काही एक शिस्त होती! ही चूक... ही खरी आहे."

कामाची अब्रू राखायला निघालेला मनुष्य मनातले सगळे टेबलावर सांडून बसला होता, आणि हे त्याच्या ध्यानात यायला अंमळ वेळच लागला.

"सहा दिवस," ती सावकाश म्हणाली. "कशासाठी हो?"

मुनीने पंख्याकडे पाहिले. पंख्याने मुळीच मदत केली नाही.

"चला," तीच उठली. "बाहेर पायऱ्यांवर रेंज येते. लॅपटॉप, मोबाइल घ्या."

पायऱ्यांवर बसून त्याने कंपोजरला ७.४ चे माप सांगितले. मोबाइलच्या इंटरनेटवर लायब्रऱ्या एकेक करून, गोगलगायीच्या चालीने उतरू लागल्या. ती शेजारी बसली होती. मध्ये जेमतेम एका वहीएवढे अंतर.

"या वेळी चालेल?"

"चालेल."

"मग उद्या काय सांगून याल?"

वाऱ्याने तिची एक बट गालावर आणली, तिने ती मागे सारली... आणि त्याला एकाएकी वाटले, आता गप्प राहिलो तर जन्मभर गप्पच राहीन.

"काही नाही सांगणार," तो म्हणाला. "नुसता तुम्हाला भेटायला येईन. चालेल?"

ती लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहत राहिली. शेवटची लायब्ररी उतरली, तरी पाहतच राहिली.

"साडेपाचला सुटते मी," अखेर ती म्हणाली. "आणि उशीर केलात, तर मुद्दामच केलात असं धरून चालेन."