डावखुऱ्या हाताचा आकडा

"गाडीवरचा हा आकडा कारखान्यात मारलेला नाही, हे आपल्याला माहीतच होतं... पण ज्याने मारलाय तो डावखुरा होता," मुलीने कागद जेवणाच्या टेबलावर ठेवत सांगितलं, आणि तिच्या वडिलांच्या डाव्या हातातला चमचा वाटीवरच थांबला.

दाराजवळच्या खुर्चीवर बसलेल्या थोरल्याने, तिच्या काकाने, मान वर केली नाही. एकवीस वर्षं तो त्याच खुर्चीवर जेवत होता, कारण तिथून कुणाला न हलवता उठून जाता येत असे. ज्या गोष्टीवर त्याने सगळं तारुण्य अंथरलं होतं, ती आज भर दुपारी, पोरीच्या स्वच्छ अक्षरात, त्याच्यासमोर पडली होती!

जुन्या स्पोर्ट्स गाड्यांची पारख हा या घराचा तीन पिढ्यांचा धंदा. गाडी अस्सल आहे की जोडकामाची, पत्रा मूळचा आहे की पुट्टी भरून गुळगुळीत केलेला, इंजिनाचा आकडा आणि सांगाड्याचा आकडा एकमेकांना ओळखतात की नाही, हे सांगण्यासाठी लांबून लोक येत. थोरला तर हातानेच सांगे. दारावरून बोटं फिरवली की रंगाखालची पुट्टी त्याला कळायची. अण्णा, दोघा भावांचे वडील, गिऱ्हाइकाला अभिमानाने म्हणत, "भिंग राहू द्या, आमच्या थोरल्याला बोलावतो."

आणि मग ती दोन आसनी, शर्यतीची गाडी आली. आगीत तिचा सांगाडा वाकून गेला होता. धाकट्याने, म्हणजे मुलीच्या वडिलांनी, तो टाकला, दुसऱ्याच गाडीचा सांगाडा खाली घातला, एकेक पोलादी ठसा हातोडीने ठोकून त्यावर जुना आकडा उमटवला आणि गाडी अस्सल म्हणून विकली. चोविशीतली अक्कल ती! महिन्याभरात विकत घेणारा माणूस पोलिसांना घेऊन दारात उभा राहिला. धाकट्याची बायको तेव्हा आठ महिन्यांची गरोदर, भिंतीला धरून उभी होती. थोरल्याने तिच्याकडे पाहिलं आणि पुढे होऊन म्हणाला, "आकडा मी मारलाय."

गाडी परत घेतली, प्रकरण मिटलं, पण बभ्रा व्हायचा तो झालाच. ज्याच्या शब्दावर धंदा चालायचा तोच खोटा निघाला म्हटल्यावर त्याला कोण विचारणार? ठरलेलं लग्न मुलीकडच्यांनी मोडलं. अण्णांनी तर त्याच्याशी बोलणंच टाकलं. तो समोर आला की ते मान फिरवत, आणि सहा वर्षांनी तशीच मान फिरवून ते गेले. थोरल्याच्या हाती राहिलं पॉलिशचं यंत्र. धाकट्याच्या गाड्या तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत चमकवत राहिला, आणि कुणी कीव केली तर म्हणे, "अहो, गाड्या तरी तोंड दाखवतात मला."

एकच माणूस त्याच्याजवळ येऊन बसे, ही पुतणी. यंत्र थांबलं की तो तिला धंद्यातल्या खुणा सांगे. उजव्या हाताने ठोकलेल्या ठशाची एक कड खोल जाते, डावखुऱ्याच्या ठशाची दुसरी, हेही त्यानेच सांगितलं होतं. हे ज्ञान आपल्याला ज्या एकाच गाडीने दिलं, ती गाडी मागच्या शेडमध्येच झाकून ठेवलेली आहे, हे बोलण्याच्या भरात त्याच्या ध्यानातही आलं नाही. शिकवता शिकवता त्याने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. आता ती गाडी जोडकामाची म्हणून, खरं काय ते सांगून विकायची होती, आणि तिच्यावरचा अहवाल हा मुलीच्या सहीचा पहिला अहवाल होता.

"लिही, काकाने मारला म्हणून," थोरला हळूच म्हणाला. "सगळ्यांना तेच ठाऊक आहे."

"काका, तुम्ही उजव्या हाताने जेवताय."

"तेव्हा डाव्याने मारला असेल. आठवत नाही मला."

"मग हे घ्या पेन. डाव्या हाताने तुमचं नाव लिहून दाखवा."

मुलीच्या आईने पदर तोंडाला लावला. थोरला हात जोडून म्हणाला, "बाळ, तुझी पहिली सही आहे. घरातलं घरात राहू दे. एवढी ओळ गाळ."

"गाळू? पहिल्याच कागदावर?" तिने पेन टेबलावर आपटलं. "मग मी कसली पारखी, काका? मी जन्मल्यापासून ऐकतेय, काकासारखी होऊ नकोस. शाळेत, धंद्यात, सगळीकडे... आणि तुम्ही ऐकत होतात. हसत होतात."

मग धाकटा उठला. टेबलाला वळसा घालून तो थोरल्याच्या खुर्चीपाशी आला आणि खाली बसला, लहानपणी मार चुकवायला बसायचा तसाच.

"लिही, पोरी," तो म्हणाला. "मी मारला. दादा, आणखी एक आहे... ते सांगितल्याशिवाय मला मरणही यायचं नाही. अण्णांना माहीत होतं."

थोरल्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"त्याच संध्याकाळी त्यांनी भिंग लावून आकडा पाहिला. मला म्हणाले, हा तुझा हात आहे. म्हणाले, थोरल्याने ओढून घेतलंय, आता तू गप्प बस, तुला संसार आहे, दुकान चाललं पाहिजे. तुझ्यावर राग नव्हता रे त्यांचा. त्यांना तुझ्याकडे बघवत नव्हतं."

एकवीस वर्षं थोरल्याने एकाच विचारावर दिवस काढले होते... अण्णा फसले, म्हणून कठोर झाले. खरं कळलं असतं तर त्यांनी पोटाशी धरलं असतं. आता तोही आधार गेला. अण्णांना कळलं होतं, आणि तरीही त्यांनी धरलं नव्हतं. त्याला रडूही आलं नाही. त्याने धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवला, कारण कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं.

"ऊठ. गुडघे दुखतील," तो म्हणाला.

धाकटा उठला तो त्याला हाताला धरून बाहेर अंगणातच घेऊन गेला. मायलेकी मागोमाग आल्या. सकाळीच आलेली एक रुपेरी गाडी उभी होती.

"उद्यापासून पाटीवर तुझं नाव, दादा. अहवाल तुझे, खुर्ची तुझी. सगळं परत देतो. सांग, हिच्यात पुट्टी कुठे आहे? मी सकाळी पाहिलंय. तू सांग. हात विसरला नाहीस ना?"

थोरल्याने गाडीवर हात ठेवला. पुढचं मडगार्ड, दार, मागचं मडगार्ड... बोटं फिरली, पण काहीच कळलं नाही. पॉलिशच्या यंत्राने थरथर थरथर करत त्या बोटांतली जाण केव्हाच काढून घेतली होती. पत्रा काय, पुट्टी काय, त्यांना सगळं सारखंच. जे परत मिळत होतं, ते ठेवायला जागाच उरली नव्हती.

त्याने धाकट्याकडे पाहिलं. लाल डोळ्यांनी तो लहान मुलासारखी वाट बघत होता, आणि त्याची नजर नकळत पुन्हा पुन्हा मागच्या डाव्या मडगार्डकडे जात होती.

"मागे, डावीकडे," थोरला म्हणाला. "चाकाच्या वर."

"आहे! अगं, आहे तसाच आहे दादाचा हात!" धाकटा बायकोकडे वळून ओरडला आणि भावाच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडू लागला. एकवीस वर्षांचं ओझं त्याच्या खांद्यावरून उतरलेलं दिसत होतं. थोरला त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

मुलगी मात्र जागची हलली नाही. पारख डोळे मिटून करायची, नाहीतर डोळा बोटाला फसवतो, हे तिला काकानेच शिकवलं होतं. आणि काकाचे डोळे सगळा वेळ उघडे होते, बाबांच्या चेहऱ्यावर होते. गाडीची पारख सांगताना तो आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलला होता. तिने तोंड उघडलं. धाकट्याच्या खांद्यावरून थोरल्याने तिच्याकडे पाहून मान हलवली... नको.

आत्ताच एका ओळीसाठी घरादाराशी भांडलेली ती पोर, आज या घराची खरी वारस झाली. ती गप्प बसली.