जोडखोडावरचं पांढरं कडं

रान पेटवायचं असेल तर आधी ते विरळ करावं लागतं. दाट रानाला आग लावली की ती शेंड्यांवर चढते आणि मग कुणाच्या बापाला ऐकत नाही. म्हणून आधीच्या हंगामात खुरटी, वाकडी, एकमेकांच्या उरावर बसलेली झाडं काढायची. ठेवलेल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचा पाचोळा दंताळ्यानं लांब ओढायचा. मग थंडी सरताना, दव सुकल्यावर, वारा मंद बघून, वरच्या अंगानं वाऱ्याच्या विरुद्ध आग सोडायची. अशी आग गुडघ्याएवढीच राहते, वाळलेलं खाऊन जाते, आणि खालच्या सरकारी कुरणात कोवळा चारा येतो. या कामात माझी सव्वीस वर्षं गेली.

शेवटची चौदा वर्षं माझ्याकडे खुणा करायचं काम होतं. पिवळं कडं म्हणजे काढायचं झाड, पांढरं म्हणजे ठेवायचं. एक कडं छातीच्या उंचीवर, एक बारकी खूण मुळाशी. झाड पडलं तरी मुळाची खूण खुंटावर राहते, त्यामुळे कुणी भलतंच झाड पाडलं तर लगेच कळतं. कडं पुरं करून ब्रश उचलला की रंगाची एक शेपटी ओढली जाते. माझी शेपटी उजवीकडे जायची. जुनी माणसं शेपटी बघून हात कुणाचा ते सांगत.

माझ्याआधी हे काम डावऱ्या करायचा. खरं नाव वेगळं होतं, पण डावखुरा म्हणून सगळे तेच म्हणत. त्याची शेपटी डावीकडे. ब्रश रंगात बुडवला की तो डब्याच्या कडेवर दोनदा आपटायचा, टक टक, आणि मगच झाडाला लावायचा. एका पेटवणीच्या दिवशी वारा फिरला आणि डावऱ्या परत आला नाही. रंगाचा डबा सापडला, ब्रश सापडला. त्याचं हाडूकसुद्धा सापडलं नाही.

त्याच्या बायकोनं पाच वर्षं वाट बघितली. मग माझ्याशी लग्न केलं.

ती रोपवाटिकेत पिशव्या भरायच्या कामावर होती. शिकलेली होती. मी अंगठेबहाद्दर, ऑफिसचा कागद आला की तिच्याकडून वाचून घ्यायचो. मला 'अहो' म्हणायची, वेळेवर वाढायची, कधी उलटून बोलली नाही. डावऱ्याचं नाव तिनं माझ्यासमोर एकदाही काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण चहाचा कप माझ्यापुढे ठेवताना ती कपाचा कान डावीकडे करून ठेवायची. रोज. मी कप फिरवून घ्यायचो. नऊ वर्षं फिरवला.

लोक म्हणत, त्याला ती 'अरे' म्हणायची आणि दोघं हसायला लागली की शेजारी दार लावून घेत. माझ्या घरात शेजाऱ्यांना दार लावायची वेळ कधी आली नाही.

त्या वर्षी विरळणीचा हुकूम आला तेव्हा तिनंच वाचला.

"सात नंबरचा पट्टा," ती म्हणाली. "त्या जोडखोडाचं काय करणार?"

"कुठलं जोडखोड?"

"चढावर आहे ना. एका मुळातून दोन खोडं."

"तू कधी गेली होतीस तिकडे?"

"पूर्वी," ती म्हणाली आणि कागदाची घडी घातली.

त्या एका शब्दानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी मी सरळ तिथंच गेलो. झाड मला माहीत होतं. दोन खोडं एकमेकांना टेकून वाढलेली, त्यांच्यामध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा. वर डावऱ्याचं जुनं पांढरं कडं, फिकट, सालीत मुरलेलं. झाड निरोगी होतं. ठेवण्याजोगं होतं. मी त्यावर जाडजूड पिवळं कडं ओढलं, आणि मुळाशीही.

सकाळी करवत्या, म्हणजे आमचा करवत चालवणारा, मला चढावरून हाका मारायला लागला.

"दादा, तुमचं एकदा काय ते ठरवा. काल पिवळं म्हणालात, आज पांढरं. झाड आहे का नवरी आहे, सारखी नटवताय?"

पिवळ्यावर पांढरं कडं होतं. ओलं.

"कुणाचा उद्योग आहे हा?"

"रंगाची पेटी तुमची, किल्ली तुमच्या कमरेला. मी काय थुंकी लावून रंगवलं?" तो हसत पुढे झाला, वाकला, आणि त्याचं हसू तिथंच राहिलं. "शेपटी बघा," तो हळूच म्हणाला.

शेपटी डावीकडे गेली होती.

मी पुन्हा पिवळं केलं. सकाळी पुन्हा पांढरं. तिसऱ्यांदाही तेच. घरी मी बायकोची नखं बघितली. त्यांत रोपवाटिकेची माती होती. रंगाचा कणही नव्हता.

"काय बघताय?" तिनं विचारलं.

"काही नाही. नखं वाढलीत."

करवत्यानं मात्र हात वर केले. "पांढऱ्यावर मी करवत घालत नाही, दादा. साहेबांनी सांगितलं तरी नाही."

बाकीचा पट्टा विरळ झाला. जोडखोड उभंच राहिलं. आणि घरी कपाचा कान डावीकडे. तेव्हा मी ते केलं, जे आमच्या कामात कुणी करत नाही. ठेवायच्या झाडापासून पाचोळा लांब ओढायचा असतो. मी तो ओढून आणला. तोडलेल्या फांद्या, सालपटं, वाळकं गवत, सगळं त्या दोन खोडांच्या मधे कमरेएवढं रचलं. आग कशानं लागली ते कुणी विचारणार नव्हतं. लावायचीच होती.

पेटवणीचा दिवस चांगला उजाडला. दव सुकलं, वारा अंगाला जेमतेम लागत होता. साहेबांनी वरून खूण केली. माझ्या उजव्या हातात पेटवणीचा डबा होता. त्याच्या लांब तोटीतून पेटतं तेल थेंबाथेंबानं पडतं. आम्ही रांगेनं उतरत निघालो. मी रांग सोडून जोडखोडाशी गेलो आणि रचलेल्या ढिगावर तेल धरलं.

ढीग भडकला. धूर पांढरा, दाट, तोंडाशी आलेला.

धुरात खोडाच्या पलीकडून आवाज आला. टक टक.

मी वळसा घालून पलीकडे गेलो. तिथं कुणी नव्हतं. आवाज आता मी आधी होतो त्या बाजूनं आला. टक टक. मग ब्रश सालीवरून ओढल्याचा, खरखरीत, सावकाश.

"कोण आहे?" मी म्हणालो.

ब्रश थांबला. ऐकतोय असा थांबला.

मी डाव्या हातानं खोडाचा आधार घेतला. आग कमरेएवढी होती, आणि साल रात्रभर बाहेर राहिलेल्या घागरीसारखी गार होती. ओली होती.

हात काढला तर तळवा पांढरा.

तेवढ्यात उजव्या हातातला डबा उलटा झाला.

मी तो उलटा केला नव्हता.

करवत्यानं मला ओढून काढलं म्हणे. सगळा चढ काळा झाला, नुसतं जोडखोड उभं राहिलं. त्याच्या कड्याला काजळीही लागली नव्हती, हे त्यानंच मला दवाखान्यात सांगितलं, आणि त्या पट्ट्यात तो पुन्हा गेला नाही.

माझ्या उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली. खुणांचं काम सुटलं. साहेब भला माणूस, त्यानं मला ऑफिसात रजिस्टरावर बसवायचं ठरवलं. त्यासाठी अक्षर यायला हवं होतं. पंचावन्नाव्या वर्षी मी बायकोपुढे पाटी घेऊन बसलो. उजवा हात गेलेला, तेव्हा डाव्यानं शिकणं ओघानंच आलं. यात नवल काही नाही.

"आधी गोल काढा," ती म्हणाली.

मी काढला. पहिलाच, तरी सफाईनं आला. शेवटाला पेन्सिल उचलली तेव्हा एक रेघ डावीकडे ओढली गेली.

ती बराच वेळ पाटीकडे बघत राहिली. मग उठली आणि चहा टाकायला गेली. आतून आवाज आला, "अरे, साखर घालू ना?"

मी चहा बिनसाखरेचा घेतो. नऊ वर्षं घेत आलो होतो.

"घाल," मी म्हणालो.

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझं अक्षर सुबक आहे, ऑफिसात सगळे म्हणत. कप फिरवावा लागत नाही. संध्याकाळी मी असं काही लिहायला बसलो की ती समोर येऊन बसते आणि बघत राहते. माझ्या तोंडाकडे नाही, हाताकडे. ज्या बाईसाठी मी मेलेल्या माणसावर जळलो ती आता माझ्यापासून हातभर अंतरावर असते, आणि मी अजून जळतोच आहे.

पान संपलं की हात पेन्सिल कपाच्या कडेवर दोनदा आपटतो. टक टक. तेव्हा ती हसते.

ते मी करत नाही.