वड्या आणि भुगा

"बारा मोठे की अठ्ठेचाळीस?" ठोकळ्याने विचारले. ठोकळा म्हणजे घरचा यंत्रमानव. नाव आजीने ठेवलेले.

"अठ्ठेचाळीस," शमिका म्हणाली.

"म्हणून बारा मेगापिक्सेलचा कॅमेरा भंगारात दिला."

आजोबा ताडकन उठले. तो आजीचा कॅमेरा! आजीला जाऊन वर्षही झाले नव्हते. उद्या शमिका तोच घेऊन समुद्रातल्या गुहेत जाणार होती. पाकोळ्यांची घरटी मोजण्याचे आजीचे काम अर्धे राहिले होते. आणि भंगाराची उडती गाडी अंगणात सुरू झालेली!

आजोबांनी धावत जाऊन कॅमेरा ओढून काढला.

"कोणी सांगितलं याला?"

"मीच," शमिका पुटपुटली. "सारख्या दोन वस्तूंत लहान आकड्याची टाक म्हटलं."

"सारख्या?" आजोबा कडाडले. जन्मभर प्रकाशावर संशोधन केले, आणि घरात हे! "पडदे ओढ!"

एकच लेन्स त्यांनी आधी जुन्या आणि मग नव्या, अठ्ठेचाळीसवाल्या कॅमेऱ्याला लावली. अंधाऱ्या कोनाड्यातल्या बरणीचा फोटो दोन्हींनी काढला. जुन्याचा स्वच्छ आला. नव्याच्या फोटोत बरणीवर रंगीत ठिपक्यांची कचकच.

"लेन्स तीच, मग असं का?"

"आत संवेदक असतो (प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारी चिप). जुन्याचा मोठा, नव्याचा नखाएवढा. बारा मेगापिक्सेल म्हणजे संवेदकाचे एक कोटी वीस लाख कप्पे. आजी परातीत नारळाच्या वड्या थापायची ना? परातीत बारा वड्या पाड. तेवढ्याच जाडीचं सारण बशीत थापून अठ्ठेचाळीस पाड. हातात काय येईल?"

"भुगा!"

"तसंच. कप्पा इवलासा, त्यात प्रकाश चिमूटभर. मग यंत्राची स्वतःची खरखर त्यात मिसळून दिसते."

"म्हणजे नवा वाईट?"

"उन्हात उत्तम! तिथे प्रकाश भरपूर. गुहेत नाही."

"मला परातीचं माप दिलं नव्हतं," ठोकळा म्हणाला.

"मग विचारायचं होतंस, मठ्ठ कुठला!"

शमिकाने ठोकळ्याला नवा नियम शिकवला: आकडा ऐकला की आधी आकार विचार. मग दोन्ही कॅमेरे पिशवीत भरले.

"होडीत लेन्स बदलू नकोस," आजोबा खेकसले. "संवेदक उघडा पडतो. खारं पाणी उडालं की संपला."

"आणि बदलावीच लागली तर?"

आजी गेल्यापासून आजोबा होडीत बसले नव्हते. त्यांनी रागारागाने खुंटीवरची आपली टोपी काढून पिशवीत कोंबली.

"तर मी बदलेन."