गाडी मीच मागे घेणार

आमची पहिली भेट झाली तेव्हा दोघांच्या गाड्यांची नाकं एकमेकांना टेकायचीच बाकी होती.

रस्ता एवढा अरुंद की दोन्हीकडची झुडपं खिडकीतून आत डोकावत होती. समोरून पांढरी व्हॅन आली. मी कचकन ब्रेक दाबला, घाईघाईत बाजूचा दिवा लावायला गेले... आणि भर उन्हात वायपर फिरायला लागले. इथल्या गाड्यांत सगळंच आपल्या उलट. तीन दिवसांत हे चौथ्यांदा झालं होतं.

"उतर," शेजारी बसलेला दादा म्हणाला. "त्या माणसालाच सांग, आमची गाडी मागे घेऊन दे म्हणून."

परदेशातल्या या सुट्टीची तिकिटं, नकाशे, गोळ्या, सगळं दादानं फाइलला लावलं होतं. लायसन्स तेवढं घरी, दुसऱ्या पँटच्या खिशात राहिलं. त्यामुळे भाड्याची गाडी मिळाली ती माझ्या लायसन्सवर. चार वर्षं ते कपाटात पडून होतं, कारण घरी मी किल्ली मागितली की दादाच्या मते त्या दिवशी रस्त्यावर नेमकी फार गर्दी असायची. इथेही त्यानं बजावलं होतं, एक ओरखडा पडला तर गाडी परत, उरलेली सुट्टी बसने.

व्हॅनमधून रबरी बूट घातलेला एक उंच तरुण उतरला. खिडकीशी वाकला आणि चक्क मराठीत म्हणाला, "जरा हळू बोला, पलीकडच्या गायी बावरल्यात. मी त्यांचा डॉक्टर आहे."

मागच्या सीटवर वहिनी खुदकन हसली.

"तुमच्या मागे शंभर पावलांवर रुंद जागा आहे," तो मला म्हणाला. "ज्याला ती जवळ, त्यानं मागे जायचं. मी घेऊ का तुमची गाडी?"

"नको. माझी गाडी मीच मागे घेणार."

"वळण आहे."

"दिसतंय."

"वळणावर चर आहे."

"तुम्ही बाजूला झालात तर तोही दिसेल."

तो बाजूला झाला. मला वीस मिनिटं लागली. दादा पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होता. पण हा माणूस एकदाही हातवारे करून शिकवायला आला नाही, कुंपणाला टेकून शांत उभा राहिला. तिथेच तो मला आवडला, लपवायचं कशाला?

जाताना त्यानं काच खाली केली. "उद्याही याच वेळी इकडे असतो मी... वायपरबाई."

मग रोज आम्ही त्या रस्त्यावर समोरासमोर येऊ लागलो. पाचव्या दिवशी मी दोन मिनिटांत मागे गेले.

"आता मला थांबायला कारणच उरलं नाही," तो म्हणाला.

"दुसरं शोधा."

"शोधलंय. सांगायला धीर होत नाहीये..."

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी तो आला नाही. फोनवर निरोप आला, टेकडीपलीकडच्या गोठ्यात गाय अडलीय, हलता येत नाही. मी तिकडे जायला निघाले.

"त्या घाटातून तू एकटी? मुळीच नाही," दादा म्हणाला. "उद्या विमान आहे."

"म्हणून तर आजच जायचंय."

"लायसन्स विसरलेल्या माणसानं गप्प बसावं," वहिनी म्हणाली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

घाटात एका दगडी भिंतीला गाडीचं दार घासलं. मी थांबले नाही. गोठ्यात पोचले तेव्हा ओलं वासरू पायांवर उभं राहायला धडपडत होतं आणि डॉक्टरचे हात कोपरापर्यंत चिखलानं माखले होते. त्यानं आधी गाडीच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ओरखडा पडला," तो म्हणाला.

"पडू दे. तू काय सांगणार होतास?"

"की तू जाऊ नयेस... किंवा मी तुझ्या मागे यावं. मला तू हवी आहेस."

"मलाही तू," मी म्हणाले.

"धुकं उतरतंय. सोडायला येऊ?"

"आले तशी जाईन."

दादा आमच्या मुक्कामाच्या घराच्या अंगणातच उभा होता. त्यानं दारावरून बोट फिरवलं. "हे काय?"

"ओरखडा. मी पाडलाय. आणि ज्याच्यासाठी पाडला, त्याच्याशी मी लग्न करणार आहे."

दुसऱ्या दिवशी विमानतळापर्यंत दादा मागे, वहिनीशेजारी बसला. पुढची, माझ्या शेजारची जागा डॉक्टरची होती. गाडी विमानतळावरच परत द्यायची होती, त्यामुळे तिथून डॉक्टर बसने परतणार होता.